सौनाखालून गेलेला पाइप

माझी भावजय हिल्या कमी बोलते. आमच्या रस्त्यावर सगळेच कमी बोलतात, पण बाकीचे निदान हवापाण्याबद्दल तरी बोलतात. हिल्या आभाळाकडे बघते आणि लाकडं आणायला जाते. मी तिच्या अगदी उलट. माझं तोंड एकदा सुरू झालं की ते बंद करायला पुढ्यात कॉफी ठेवावी लागते, असं माझा भाऊ ओन्नी म्हणतो, आणि ओन्नी काही खोटं बोलत नाही. म्हणून ही गोष्ट केली हिल्यानं आणि सांगतेय मी.

त्या ऑक्टोबरात ओन्नीच्या फुप्फुसांनी हात टेकले. तरुणपणी तांब्याची खाण, पुढे जन्मभर लाकूड कापायच्या गिरणीतला भुसा, आणि वर तपकीर. अजून काय व्हायचं होतं? दवाखान्यात श्वासाचं बघणारी डोना म्हणून एक नर्स होती. तिनं आम्हा दोघींना बाजूला घेतलं. म्हणाली, "ओन्नीला घरी सोडू, पण नाकाला ऑक्सिजनची नळी आता कायमची. जिथं ऑक्सिजन तिथं जाळ चालत नाही, आणि धूर तर त्याला अजिबात नको. घरात लाकडाची शेगडी आहे का?"

"आहे का म्हणजे?" मी म्हटलं. "अहो बाई, शेगडी नसेल तर त्याला आमच्याकडे घर म्हणत नाहीत, कोठार म्हणतात."

"मग ती शेगडी आहे तोवर मला त्याला घरी पाठवता येणार नाही," डोना म्हणाली. वाईट बाई नव्हती ती, तिचं काम करत होती. शहरातल्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी होती. ती तिनं ओन्नीसाठी धरून ठेवली होती. नोव्हेंबरातल्या दुसऱ्या सोमवारपर्यंत घर तयार झालं तर घरी, नाहीतर तिकडे. आणि एकदा तिकडे गेलेलं माणूस आमच्या रस्त्यावर परत आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

ओन्नीनं माझी बाही धरली. एवढा मोठा गडी, पण बोटांत जोर नव्हता. "तैमी, तिथं नका नेऊ मला. तिथं खिडक्या उघडत नाहीत."

मी काहीतरी बडबडले, होईल सगळं ठीक वगैरे. हिल्यानं त्याचं पांघरूण नीट केलं आणि कोट चढवला. बाहेर गाडीपाशी आल्यावर म्हणाली, "जाळ घराबाहेर काढते."

गॅसवर घर तापवणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि गोठ्यामागं तीन हिवाळ्यांचं मेपल फोडून रचलेलं होतं. तेव्हा बाहेरची भट्टी आली. म्हणजे पत्र्याची छोटी खोलीच ती, वर धुराडं. आत जाळ, जाळाभोवती पाणी. ते तापलेलं पाणी जमिनीखालच्या पाइपातनं घरात जातं, घर गरम करतं आणि गार होऊन परत येतं. धूर घरापर्यंत पोचू नये म्हणून हिल्यानं ती पार सफरचंदांच्या झाडांपलीकडे, सिमेंटचा ओटा करून बसवली. भट्टी बसवणं सोपं हो. खरा जीव असतो त्या पाइपात.

हे आमच्या रस्त्यावर सगळ्यांना अर्विदमुळं ठाऊक आहे. अर्विद म्हणजे शेजारचा म्हातारा, खाणीतला, चिक्कू. त्यानं भट्टी घेतली आणि पाइपाला कसलंसं चंदेरी कागदासारखं गुंडाळून गटाराच्या नळीत कोंबलं नि पुरलं. नळीत पाणी शिरलं. सगळी ऊब मातीला. जानेवारीत कमरेएवढ्या बर्फात ह्याच्या अंगणात भट्टीपासून घरापर्यंत हिरव्या गवताचा पट्टा! हरणं यायची चरायला. अर्विद घरात दोन कोट घालून बसलेला आणि बाहेर हरणं जेवतायत. "निदान कुणाचं तरी पोट भरलं," असं ओन्नी त्याला तोंडावर म्हणाला होता.

हिल्यानं म्हणून पक्का पाइप मागवला. एका जाड काळ्या कवचात दोन नळ्या, एक जाणारी, एक येणारी, आणि मधे सगळीकडे फोम ठासलेला. मांडीएवढा जाड. त्याचं मोठं भेंडोळं ट्रकमधनं आलं. त्याला बोचरा दगड चालत नाही, खाली-वर वाळू लागते. टोकांतनं पाण्याचा थेंब आत जाता कामा नये. आणि मुख्य म्हणजे जमिनीखाली जोड नाही. इथनं तिथवर अख्खा एक तुकडा. हिल्यानं स्वतः फीत धरून मोजलं होतं आणि तेवढाच कापून मागवला होता, वर हातभर जास्त, बस. मोजून झाल्यावर तिनं अंगणात लाल झेंडे रोवले. एक भट्टीपाशी, एक सौनाच्या, म्हणजे अंगणातल्या आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, मागच्या भिंतीला लागून, एक सौनाच्या पुढच्या भिंतीला लागून, एक घरापाशी.

खणायच्या दिवशी नेमकं डोनानं हिल्याला दवाखान्यात बोलावलं, ऑक्सिजनचं यंत्र कसं वापरायचं ते शिकायला. "झेंडे लावलेत," एवढंच माझ्या मुलाला, मेल्विनला सांगून ती गेली. मेल्विनचं खोदायचं मशीन आहे. पन्नाशीचा बाप्या, पण मामीसमोर गाय. मी स्वयंपाकघरात. आमच्याकडे मदतीला कुणी कुणाला बोलवत नाही, बोलावलं तर उलट राग येतो. सकाळी ट्रक येऊन उभे राहतात, तेवढ्यांचं जेवण करायचं. मी दोन वेण्या निसू, म्हणजे आमचा वेणीसारखा गुंफलेला गोड पाव, भाजला, वेलदोडा जरा सढळ घातला, आणि खिडकीतनं बघत राहिले. काम कसं झ्याक चाललं होतं! मेल्विन खणतोय, मागनं माणसं दगड वेचतायत, वाळू पसरतायत. रात्रभर मेल्विनच्या गॅरेजात उबेला ठेवलेलं भेंडोळं आणलं, पट्टे कापले. थंडीत तो पाइप अडेल रेड्यासारखा ताठ होतो, पण उबेनं वळला. आठ जणांनी तो चरात उतरवला नि घराकडे ओढत आणला.

आणि घराच्या दहा-बारा हात अलीकडे तो संपला.

मी हात पुसत बाहेर आले. सगळे टोपी मागं सरकवून त्या टोकाकडे बघत होते.

"कारखानेवाल्यांनी कमी दिला," मी म्हटलं. "फोन लावा त्या चोरांना!"

मेल्विननं नुसतं डोकं खाजवलं. तेवढ्यात हिल्याची गाडी आली. ती उतरली, चराच्या कडेकडेनं भट्टीपर्यंत चालत गेली, चालत परत आली. आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भट्टीपासून निघालेला चर सौनाच्या जवळ येऊन वळला होता. सौनाला चांगला वळसा घालून, आदबीनं लांबनं जाऊन, पुन्हा रेषेवर आला होता.

"झेंडे दिसले नाहीत?" हिल्यानं विचारलं.

"दिसले ना," मेल्विन म्हणाला. "मला वाटलं, सौनाला धक्का लागू नये म्हणून लावलेत."

"तुम्हा सगळ्यांना तेच वाटलं?"

आठच्या आठ माना हलल्या. ह्यातल्या एकाच्याही मनात वेगळं आलं नव्हतं, आणि खरं सांगू? माझ्याही नसतं आलं. ती सौना माझ्या वडलांनी घराच्या आधी बांधली. पहिला हिवाळा आईवडील त्यातच राहिले. ओन्नी तिथं जन्मला, मी तिथं जन्मले. आजी गेली तेव्हा तिला तिथंच आंघोळ घातली. दर शनिवारी तिथल्या चुलीवरचे दगड तापले की त्यावर पाणी मारायचं, वाफेत बसायचं, आठवडाभराचं सगळं धुऊन टाकायचं. आमच्यातला कितीही दारुडा असू दे, सौनात मोठ्यानं बोलत नाही. तिच्यावर मशीन कोण घालणार?

"जोड देऊ की," अर्विद म्हणाला. "दहा-बारा हातांचा तुकडा मिळेल कुठंतरी."

"फेब्रुवारीत जोड गळला तर?" हिल्या म्हणाली. "वर छातीएवढा बर्फ, खाली गोठलेली माती. तू खणशील? घर गार पडलं की त्याच दिवशी ते ओन्नीला उचलून नेतील."

नवा पाइप मागवायचा तर तीन आठवडे. जमीन रोज रात्री बोटभर गोठत होती, आणि सोमवार आठवड्यावर आला होता. दुसऱ्या बाजूनं जावं तर तिथं खडक. अर्विदचा चेहरा एकदम खुलला. "सुरुंग लावू! माझ्या ओळखीत एक—"

"अर्विद, तू कॉफी पी," मी म्हटलं.

हिल्या गोठ्यात गेली आणि पहार घेऊन आली. कुणाकडे न बघता सौनात शिरली. आतनं पहिल्या फळीचा खिळा उपटल्याचा आवाज आला. तो आवाज माझ्या पाठीतनं गेला बाई.

मी धावले. दारातच तिला धरलं. "हिल्या, डोकं फिरलंय का तुझं? माझ्या आईची जागा आहे ही! तू ह्या घरात लग्न करून आलीस, तुला काय त्याचं!"

एवढं लागट बोलायला नको होतं, पण बोलले. आणि ती पहार टेकून उभी राहिली. एका दमात ती एवढं बोललेली मी आधी कधी ऐकली नव्हती.

"तैमी, तुझी आई बाळंतपणाला इथं का आली? इथं ऊब होती म्हणून. घर गारठलेलं होतं आणि हे गरम होतं, गरम पाणी होतं. देवळात आल्यासारखी नव्हती आली ती. तुझ्या भावाला जन्माला घालायला जिथं ऊब होती तिथं आली. मी पण तेच करतेय. मला त्याला ऊब द्यायचीय आणि ती इथनंच जाते. तुला रडायचं असेल तर बाहेर रड, नाहीतर ते फावडं घे."

मी फावडं घेतलं.

फळ्या निघाल्या. पण पुढं खरी धोंड होती. चूल बरोबर रेषेवर होती. तिचा पाया दगडी, वर तळ्याकाठचे गोल काळे दगड, वडलांनी एकेक निवडून आणलेले. हिल्या क्षणभर चुलीसमोर थांबली. मग वाकून वरचा दगड तिनं दोन्ही हातांनी उचलला, बाहेर नेऊन सफरचंदाच्या झाडाखाली ठेवला आणि परत आली. आम्ही दोघी दगड वाहायला लागलो. चूल गेली म्हणजे सौना गेली, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. ओन्नीला आता तशी वाफ सोसणारही नव्हती, पण ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि त्याच्याही आधी आम्ही त्याची चूल मोडत होतो.

तिसऱ्या-चौथ्या दगडाला दारात सावली पडली. मेल्विन. टोपी हातात. "मामी, जरा सरक," म्हणाला, आणि आत आला. त्याच्यामागं अर्विद, मग बाकीचे. आत मशीन जात नाही, तेव्हा हातानंच खणायचं. आळीपाळीनं दोघं-दोघं खड्ड्यात उतरले. कोपऱ्यातल्या पायाच्या दगडांना आणि भिंतींच्या तळाच्या ओंडक्यांना हिल्यानं बोट लावू दिलं नाही. ओंडक्याखालनं बोगदा, तोही पाइपापुरताच. मेल्विन पोटावर झोपून माती उपसत होता आणि ही त्याच्या डोक्याशी उकिडवी बसून "डावीकडे. थोडं खाली. बास," असं सांगत होती. सत्तरीची बाई, गुडघे दुखणारे, पण पूर्ण दुपार उठली नाही. मी तिच्याकडे बघतच राहिले. चाळीस वर्षं मी हिला मुखदुर्बळ समजत होते! अहो, हिला बोलायची गरजच पडत नव्हती, एवढं तिचं तिला ठाऊक असायचं.

वळशातला पाइप बाहेर काढला. त्याच्या तोंडाला दोर बांधून सौनाखालनं ओढायला लागलो. अलीकडे चार जण ढकलतायत, पलीकडे चार ओढतायत, मधे खड्ड्यात हिल्या, दोन्ही हातांनी त्याला वाट दाखवतेय. वळशात एवढा त्रास देणारा तो पाइप इथं कसा सुळकन गेला! त्यालाही सरळच जायचं होतं म्हणा. उजेड होता तोवरच त्याचं टोक घराच्या भिंतीतनं तळघरात शिरलं, आणि वर हातभर उरलं.

बाहेरचा चर आम्ही वाळू घालून बुजवला. सौनातला मात्र हिल्यानं बुजवू दिला नाही. दुसऱ्या दिवशी ती प्लंबरला घेऊन तिथं उतरली. मी विचारलं तर म्हणाली, "जिथं हात पोचतो तिथं जोड चालतो." एवढंच. मला काही उमगलं नाही, आणि खरं तर त्या मोकळ्या खड्ड्याकडे बघवतही नव्हतं. मी घरातली शेगडी बाहेर काढायला मेल्विनला मदत करायला गेले. त्या जागी भिंतीवर काळा चौकोन राहिला, तो मी घासघासून पुसला.

शुक्रवारी डोना घर बघायला आली. बाहेर भुरभुर बर्फ, आणि घरात ती कोट काढून बसली, मग स्वेटरही. प्रत्येक खोलीत नाक वर करून वास घेतला. धुराचा नव्हता, वेलदोड्याचा होता. "उद्या घेऊन या त्याला," म्हणाली. मी तिला निसूची अख्खी वेणी बांधून दिली. घेत नव्हती. तिच्या गाडीत टाकली.

शनिवारी मेल्विन ओन्नीला घेऊन आला. रस्त्यावरची सगळी अंगणात येऊन उभी, पण आज प्रत्येकाला बुटांकडे बघायचं होतं. चूल मोडल्याचं ओन्नीला एकानंही सांगितलं नव्हतं. ओन्नी हळूच उतरला, ऑक्सिजनची बाटली काखोटीला. घराकडे बघितलं. मग म्हणाला, "शनिवार आहे. आधी सौना."

धाबं दणाणलं माझं. "अरे, घरात चल आधी, कॉफी—"

"आधी सौना," हिल्या म्हणाली, आणि तिनं त्याचा हात धरला.

मी मागोमाग गेले. न जाऊन कशी राहणार? दार उघडलं आणि अंगावर ऊब आली. जाळ नाही, धूर नाही. जिथं चूल होती तिथं बंद पडलेल्या शाळेतला खोली तापवायचा जुना लोखंडी रेडिएटर उभा होता, आणि जमिनीखालनं घराकडे जाता जाता पाणी त्याच्यात डोकावून जात होतं. हाच तो हात पोचतो तिथला जोड. कोपऱ्यात बादली, बादलीत गरम पाणी, वर वाफेत अंगाला मारायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी. आणि जमिनीवर जुन्या काळ्या फळ्यांमधनं नव्या पिवळ्या फळ्यांचा सरळ पट्टा, मधोमध भांग पाडल्यासारखा, ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत.

ओन्नी बाकावर बसला. चुलीची जागा त्यानं बघितली. तो पट्टा बघितला, इकडनं तिकडे, तिकडनं इकडे. नाकातली नळी फुसफुसत होती, तेवढाच आवाज.

"हे कुणी केलं?"

"मी," हिल्या म्हणाली.

"वळसा घालून नाही जमलं?"

"घातला होता. पाइप पुरला नाही."

त्यानं बूट काढला आणि पायाची बोटं त्या पिवळ्या फळीवर टेकवली.

"मी असतो ना हिल्या," तो म्हणाला, "तर मीही वळसाच घातला असता. आणि परवा त्या न उघडणाऱ्या खिडक्यांच्या आत गेलो असतो."

"माहीत आहे," हिल्या म्हणाली. "म्हणून तू नसताना खणलं."

ओन्नी हसला. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं त्याच्या शर्टाची बटणं सोडायला घेतली, पाठ धुवायची होती म्हणून. त्यानं तिचा हात तिथंच धरून ठेवला. इतक्या वर्षांत मी त्याला तसं करताना पाहिलं नव्हतं.

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. अंगणात सगळे तसेच उभे, तोंडं सुकलेली. मी रडत होते आणि ते कुणापासून लपवावंसंही वाटलं नाही. "बघत काय उभा राहिलास?" मी मेल्विनवर ओरडले. "जा, भट्टीत लाकडं टाक!"